तीस दिवस त्यांना एकटं सोडू नका

तुमच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात आज एखादी नोटीस लागलेली असेल. काचेच्या नाहीतर जाळीच्या दाराआड एक फलक, त्यावर टाचलेले कागद. मुलाचं नाव, मुलीचं नाव, वय, नोकरी-धंदा, दोघांचे राहते पत्ते, कित्येक ठिकाणी फोटोसुद्धा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू पाहणाऱ्या दोघांनी दिलेली ही सूचना तीस दिवस तिथं लागलेली असते. खरेदीखतासाठी, भाडेकरारासाठी आलेली माणसं नंबर लागेपर्यंत ती वाचतात आणि विसरून जातात. पण एखादा मोबाइल काढतो, कागदाचा फोटो घेतो, आणि संध्याकाळच्या आत तो मुलीच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फोटो घेणारा त्या दोघांचा कोणी नव्हता. त्याच्या लेखी फक्त दोन आडनावं जुळत नव्हती.

हे आवाहन त्या तीस दिवसांसाठी आहे. शेजारी, घरमालक, कॉलेजातले प्राध्यापक, सरपंच, पोलीस पाटील, ठाण्यातला अंमलदार, वकील, आणि मुख्य म्हणजे आईवडील, यांतलं कोणीही तुम्ही असाल, तर ते तुमच्यासाठी आहे. जात किंवा धर्म वेगळा असलेल्या दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं, की आपल्याकडे त्यांच्याभोवती फार लवकर गर्दी जमते. त्या गर्दीत त्यांच्या बाजूनं उभं राहणारं एक माणूस असलं तरी पुष्कळदा जीव वाचतो. ते एक माणूस व्हा, एवढंच मागणं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत आणि त्या गैरसमजांवरच दमदाटी चालते. १९५४ चा विशेष विवाह कायदा सांगतो, की दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य केलेलं असावं, नोटीस द्यावी, आणि तीस दिवसांत वैध हरकत आली नाही तर विवाह अधिकाऱ्यानं तीन साक्षीदारांसमोर विवाह लावून द्यावा. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण कशावर? दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात असेल, मुलीचं वय १८ किंवा मुलाचं २१ पेक्षा कमी असेल, संमती देण्याची मानसिक क्षमता नसेल, किंवा निषिद्ध नात्यातले असतील, तरच. बापाला पसंत नाही ही हरकत नव्हे. समाजाची बैठक झाली आणि ठराव झाला, हीही नव्हे. धर्म वेगळा ही तर मुळीच नव्हे, कारण धर्म वेगळा असलेल्यांना लग्न करता यावं म्हणूनच हा कायदा झाला. उगाच हरकत घेणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावण्याची तरतूदही कायद्यात आहे. सत्तर वर्षांपूर्वी ती रक्कम मोठी होती. आज ती कोणाला रोखत नाही.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं बाहेरच्या माणसाला त्या नोटिशीतून फारच थोडं करता येतं. पण नोटीस लावल्यामुळे पत्ता कळतो, तारीख कळते आणि हातात महिना मिळतो. हाच खरा धोका आहे. १२ जानेवारी २०२१ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं म्हटलं, की अशी नोटीस जाहीर लावायची की नाही हे त्या जोडप्यानं ठरवावं; सक्तीनं लावणं हा त्यांच्या स्वातंत्र्यावर आणि खासगीपणावर घाला आहे. तो निकाल उत्तर प्रदेशातला. कायद्याच्या पुस्तकातलं कलम तसंच राहिलं आहे, आणि आपल्याकडच्या फलकांवर कागद लागतच आहेत.

इथं एक भेद लक्षात ठेवा. दोघं हिंदू कायद्याखाली येत असतील, आणि त्यात बौद्ध, जैन, शीख हे सगळे येतात, तर जात कुठलीही असो, हिंदू विवाह कायद्यानं विधी करून लगेच लग्न करता येतं. नोटीस नाही, महिन्याची वाट नाही. पळून आलेली जोडपी आळंदी गाठतात ती यासाठीच. धर्म वेगळा असेल आणि दोघांनाही आपापला धर्म सोडायचा नसेल, तर मात्र विशेष विवाह कायद्याशिवाय वाट नाही. जो धर्म बदलायला तयार आहे त्याचं लग्न एका दिवसात, आणि जो कोणाचाही धर्म बदलू पाहत नाही त्याला महिनाभर फलकावर टांगायचं! धर्मांतराची काळजी वाहणाऱ्यांनी तरी या उलट्या न्यायाचा विचार करायला हवा.

आता त्या महिन्यात काय घडतं ते पाहा. मुलगी घर सोडते. घरचे पोलीस ठाण्यात 'मिसिंग' दाखल करतात. तक्रार घेणं हे पोलिसांचं कामच आहे, त्यात चूक नाही. दोन-चार दिवसांत मोबाइलच्या लोकेशनवरून दोघांना शोधून आणलं जातं. मुलगी वीस-बावीस वर्षांची. ती जबाब देते, मी माझ्या मर्जीनं आले, मला याच्याबरोबर राहायचं आहे. कायद्यानं प्रश्न इथं संपतो. सज्ञान व्यक्तीचा जबाब झाला, की तक्रार निकाली निघते आणि ती तिला वाटेल तिथं जाऊ शकते. पण ठाण्याच्या आवारात तोवर दोन जीपगाड्या लागलेल्या असतात. चुलते, मामा, गावचे चार पुढारी, कुठल्याशा संघटनेचे गळ्यात उपरणं घातलेले तरुण. आई आत येऊन मुलीच्या पायाशी बसते. आणि मग साहेब, बऱ्याचदा अगदी वडीलधाऱ्या मायेनं, म्हणतात, "पोरी, वातावरण तापलंय. चार दिवस घरी जा. शांत झालं की बघू आपण. इथं कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नको."

त्या चार दिवसांत काय होतं हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. सोनईला १ जानेवारी २०१३ ला तीन दलित तरुणांना ठार मारलं गेलं, कारण त्यांच्यातल्या एकाचं वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं. खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये एका शाळकरी पोराला मारून झाडाला टांगलं, आणि साक्षीदार फितूर होत गेल्यावर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. वैजापूर तालुक्यात डिसेंबर २०२१ मध्ये गरोदर बहिणीला तिच्या घरी जाऊन भावानं मारलं, आईच्या साथीनं. ही गाजलेली प्रकरणं. ज्या मुलीला घरी नेऊन आठवड्याभरात दुसरीकडे उजवली, जिचा फोन काढून घेतला, जिच्या आत्महत्येची नोंद 'अकस्मात मृत्यू' म्हणून झाली, तिचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत कळकळीची विनंती पोलिसांना आहे. सज्ञान मुलीला तिच्या मनाविरुद्ध घरी पाठवू नका. एक दिवसासाठीही नाही. आई रडते म्हणून नाही, जमाव मोठा आहे म्हणून तर अजिबात नाही. जमाव मोठा असेल तर बंदोबस्त वाढवा. तुम्हाला वर्दी त्यासाठीच दिली आहे. २००६ मध्ये लता सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे, की सज्ञान व्यक्ती पसंतीच्या माणसाशी लग्न करू शकते. घरच्यांना मान्य नसेल तर ते फार तर संबंध तोडू शकतात, धमक्या देऊ शकत नाहीत, आणि अशा जोडप्याला त्रास होणार नाही हे पाहणं पोलिसांचं काम आहे. ८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात त्याच न्यायालयानं म्हटलं, की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवल्यावर कुटुंबाची, समाजाची वा कुळाची संमती लागत नाही. यापेक्षा साध्या शब्दांत न्यायालय काय सांगणार?

'वातावरण तापलंय' या शब्दांपाशी थोडं थांबायला हवं, कारण हक्क काढून घेण्याची ही फार जुनी रीत आहे. संकट आहे, आता हक्कांचं बोलू नका. घरात, गावात आणि देशात हीच भाषा चालते, आणि देशात ती चालली तेव्हा काय झालं हे आपण पन्नास वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

२५ जून १९७५ ला अंतर्गत अशांततेचं कारण देऊन आणीबाणी लागली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशानं घटनेतली १४, २१ आणि २२ ही कलमं न्यायालयात जाऊन बजावून घेण्याचा हक्क स्थगित झाला. समता, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, अटकेपासूनचं संरक्षण, सगळं एका कागदानं बाजूला. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयं तरीही स्थानबद्धांच्या बाजूनं उभी राहिली. पण २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं त्यांचे निकाल फिरवले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं होतं, की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक आकसापोटी माणूस मारला तर काय? आणीबाणी आहे तोवर दाद मागता येणार नाही, असं उत्तर मिळालं. खन्ना एकटे विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं गेलं, आणि त्यांनी राजीनामा दिला.

जीविताच्या हक्काला कुलूप लागल्यावर सरकारचा हात थेट घरात पोचला. कोणाला किती मुलं असावीत हे नवराबायकोनं ठरवायचं. ते तहसीलदार, शिक्षक आणि आरोग्यसेवक यांना दिलेल्या कोट्यानुसार ठरू लागलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढं शहा आयोगाच्या अहवालात या शस्त्रक्रियांशी जोडलेल्या सतराशेहून अधिक मृत्यूंची नोंद आली. अविवाहितांवरही शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी त्यात आहेत. आणि उत्तर भारताकडे बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येत नाही: तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं ते महाराष्ट्राच्या विधिमंडळानं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते पुस्तकात चढलं नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याच्या सभागृहानं माणसाच्या शरीरावर आणि संसारावर सरकारी हक्क सांगणाऱ्या विधेयकावर हात वर केले होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

त्यातून शिकून १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण काढून तिथं 'सशस्त्र बंड' आलं, आणि कलम ३५९ मध्ये लिहिलं गेलं की कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवताना १९७६ चा तो निकाल रद्द केला. त्या जुन्या बहुमतात पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. चाळीस वर्षांनी तो निकाल चुकीचा होता असं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र.

आता विचार करा. देशावर युद्ध ओढवलं तरी जे कलम २१ स्थगित होत नाही, ते गावात चार गाड्या आल्या म्हणून कसं स्थगित होईल? जमावबंदी असो, संचारबंदी असो, साथीची टाळेबंदी असो, हिंडण्या-फिरण्यावर निर्बंध येऊ शकतात. कोणाबरोबर संसार करायचा हे ठरवण्याचा सज्ञान माणसाचा अधिकार त्यानं जात नाही. ९ एप्रिल २०१८ च्या केरळमधल्या हादिया प्रकरणाच्या सविस्तर निकालात सर्वोच्च न्यायालयानं जोडीदार निवडण्याचा हा हक्क कलम २१ चा भाग असल्याचं सांगितलं आहे.

त्याच्या थोडं आधी, २७ मार्च २०१८ ला, शक्ती वाहिनी खटल्यात न्यायालयानं सरकारांना नेमकी कामं लावून दिली. प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, त्यात पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकारी. चोवीस तास चालणारी हेल्पलाइन. जोडप्याला राहायला सुरक्षित निवारा, नाममात्र भाड्यात, आधी महिनाभर आणि गरजेप्रमाणे वर्षापर्यंत. लग्न व्हायचं असेल तर संरक्षणात लावून देण्याची सोय. आणि जो पोलीस अधिकारी माहिती असून हात बांधून बसला, त्याच्यावर सहा महिन्यांत पूर्ण होईल अशी खातेनिहाय कारवाई. हे सगळं न्यायालयाच्या आदेशात लिहिलेलं आहे, कोणा चळवळीच्या मागणीपत्रात नव्हे.

आपल्या राज्यानं मात्र वेगळ्याच कामात घाई केली. १३ डिसेंबर २०२२ ला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी, मुलींच्या माहेरच्यांशी समन्वय साधण्यासाठी समिती नेमली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द गळला, 'आंतरधर्मीय' राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती, 'लव्ह जिहाद' आणि सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करायला. तेच राज्य आंतरजातीय जोडप्याला लग्नानंतर ५० हजार रुपये प्रोत्साहन म्हणून देतं. लग्नानंतर धनादेश आणि लग्नाआधी, जिवावर बेतलेलं असताना, दार बंद, हे कसं चालेल?

समित्यांच्या बाजूनं एकच मुद्दा मांडला जातो: मुली फसतात. वसईच्या त्या मुलीचं उदाहरण देतात, जिला जोडीदारानं २०२२ मध्ये दिल्लीत मारलं. तिची हत्या अंगावर काटा आणणारी होती, तिच्या वडिलांचं दुःख खरं होतं. पण त्याच मुलीनं नोव्हेंबर २०२० मध्ये, इथं महाराष्ट्रात, पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती, की हा मला मारतो, मारून टाकीन म्हणतो. तिला गरज होती ती त्या कागदाची दखल घेणाऱ्या अधिकाऱ्याची, रात्री जाता येईल अशा निवाऱ्याची, आणि 'तू तुझ्या मनानं गेलीस ना, आता भोग' असं न म्हणणाऱ्या माणसांची. घरातला मार जात-धर्म पाहून पडत नाही. ठरवून, पत्रिका जुळवून, मांडव घालून दिलेल्या किती मुली मार खाऊन माहेरी येतात आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून परत पाठवल्या जातात, हे आपल्याला आपल्याच गल्लीत दिसतं. ज्या मुलीला माहेरचं दार उघडं आहे ती वेळेवर परत येते. जिला वाळीत टाकलंय तिला मारणाऱ्याच्या घरीच राहावं लागतं.

म्हणून आईवडिलांनो, तुमच्याशी थोडं अधिक बोलायचं आहे. तुमचा राग समजतो. ज्या लेकराला अंगाखांद्यावर वाढवलं तिनं एवढा मोठा निर्णय आपल्याला न विचारता घ्यावा, ही सल मोठी आहे. भावकीत मान खाली जाते, धाकटीचं कसं व्हायचं ही काळजी पोखरते. तरीही दोन गोष्टी करू नका. मुलीच्या जन्मतारखेचा खोटा दाखला घेऊन ती अल्पवयीन असल्याचं सांगू नका. त्यानं मुलगा तुरुंगात जातो आणि मुलगी तुम्हाला कायमची दुरावते. आणि तिचा प्रश्न भावकीच्या, पंचांच्या हातात देऊ नका. एकदा चार माणसं 'इज्जतीची' भाषा बोलू लागली, की तुमचा शब्द तुमच्या हातात राहत नाही; ते तुमच्याच मुलाला चाकू घ्यायला लावतात आणि स्वतः घरी जातात. बोलायचं नसेल तर बोलू नका. पण तिचा नंबर ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी नातवंडाला घेऊन उंबऱ्यात उभी राहिलेली मुलगी आणि तिला 'ये' म्हणणारा बाप, हेही आपल्या गावागावांत घडतं. त्यासाठी दोघं जिवंत असावी लागतात.

जातपंचायतीच्या धाकाला तर आता कायद्याचं उत्तर आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०१६ चा तो कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. लग्न जातीबाहेर केलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणं, पाणवठा, देऊळ, अंत्यसंस्कार, दुकान बंद करणं, दंड वसूल करणं, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या गावात असा ठराव झाला आणि तुम्ही त्या बैठकीला होतात, तर तुम्ही साक्षीदार आहात. खर्ड्याचा खटला कोसळला तो साक्षीदार फिरले म्हणून. तुम्ही फिरू नका.

काही जोडप्यांना कायद्यानं लग्नाचं दारच उघडलेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी जोडप्यांना विवाहाची मान्यता द्यायला नकार दिला आणि विवाह हा स्वतंत्र मूलभूत हक्क नसल्याचं सांगितलं. माझ्या मते हा निर्णय त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. पण त्या निकालानंतरही दोन सज्ञान मुलींना एकत्र राहण्यापासून रोखण्याचा अधिकार कोणाला मिळालेला नाही. उलट ११ मार्च २०२४ ला त्याच न्यायालयानं बजावलं, की अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी समुपदेशनाच्या नावाखाली त्यांचं मन वळवायला जाऊ नये, संरक्षण आधी द्यावं. आपल्या ठाण्यात 'मैत्रिणीनं पळवून नेलं' अशी तक्रार येते, तेव्हा हे लागू आहे.

एक मर्यादा मात्र ठामपणे पाळा. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिला पळून जायला मदत करू नका, लग्न तर मुळीच लावू नका. तिला घरात धोका असेल तर बालकल्याण समितीकडे न्या. मुलगा अठराच्या पुढचा पण एकवीसच्या आतला असेल, तर लग्न थांबेल. दोघं सज्ञान असल्यानं एकत्र राहणं थांबवता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात शासकीय निवारागृहात ठेवलेल्या सज्ञान मुलीला तिच्या इच्छेनं जाण्याची मोकळीक दिली.

आता प्रत्यक्ष करायचं काय. दाराशी असं जोडपं आलं, तर आधी दोघांचं वय विचारा आणि कागद पाहा: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार. त्यांच्या मूळ कागदांचे फोटो काढून स्वतःकडे आणि एका वकिलाकडे ठेवा, कारण हाती लागल्यावर पहिल्यांदा फाडले जातात ते कागद. मुलीशी एकटीशी बोला, मुलाला बाहेर बसवून. तिच्यावर त्याची सक्ती नाही ना, हे तिच्याच तोंडून ऐका. तिच्या हस्ताक्षरात, तारीख घालून, मी स्वखुशीनं आले असं निवेदन लिहून घ्या आणि ते दोन्ही गावच्या पोलीस ठाण्यांना आणि पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालानं व ईमेलनं पाठवा. पोच जपून ठेवा. ठाण्यात जायची वेळ आली तर त्यांना एकटं पाठवू नका, वकील घेऊन तुम्ही सोबत जा. मुलीला बळजबरीनं कोंडून ठेवलं असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली दंडाधिकारी तिच्या शोधासाठी झडतीचं वॉरंट काढू शकतो, आणि उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करायचा असतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक. तातडीच्या वेळी ११२, आणि महिलेसाठी १८१.

घर असेल तर महिनाभर खोली द्या. घरमालकांनो, आडनावं वेगळी पाहून दार लावू नका. त्या दोघांना भाड्याची खोली न मिळणं म्हणजे तीस दिवसांच्या वास्तव्याची अट पुरी न होणं, आणि म्हणजे लग्नच न होणं. साक्षीदार म्हणून सही करा. तीन सह्या लागतात आणि मित्रमंडळी ऐनवेळी घाबरतात. पन्नाशीतल्या शिक्षकाची, बँकेतल्या बाईंची सही तिथं मोलाची ठरते. नोटिसांचे फोटो फिरताना दिसले तर पुढं पाठवू नका, ग्रुपवर तिथल्या तिथं आक्षेप घ्या, आणि त्यात धमकी असेल तर स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत द्या. निबंधक कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनो, हरकत घ्यायला आलेल्याला कलम दाखवा आणि कारण लेखी मागा. वकील मित्रांनो, महिन्यातून एक प्रकरण फी न घेता चालवा.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच जातिसंस्था मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवलं. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात अशा विवाहांना कायद्याचं बळ दिलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तरीही २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत जातीबाहेरच्या लग्नांचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपासच निघालं. हे पाच टक्के आपल्या सभांमधल्या भाषणांनी टिकलेले नाहीत. ते त्या दोघांच्या हिमतीवर आणि अंधारात दार उघडणाऱ्या कोणा एकाच्या माणुसकीवर टिकले आहेत.

येत्या आठवड्यात एक काम करा. आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात दोन-तीन जण मिळून जा आणि लेखी विचारा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे विशेष कक्ष कुठे आहे, त्याचा फोन कोण उचलतो, सुरक्षित निवारा कोणत्या इमारतीत आहे आणि आज तिथं किती जणांची सोय होऊ शकते. उत्तर आलं तर ते गावात, कॉलेजात, बस स्थानकावर लावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, आमदारांना भेटा, स्थानिक पत्रकारांना सांगा. आणि तोवर एखाद्या जोडप्यानं तुमचं दार वाजवलं, तर त्यांना आत घ्या.